एकाच अक्षांशावरचे दुसरे शहर

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात बडोद्यावर बोट ठेवावे आणि ते सरळ पूर्वेकडे नेत जावे. नर्मदेचे खोरे, छत्तीसगढ, कलकत्त्याच्या खालचा त्रिभुज प्रदेश, चितगाव, ब्रह्मदेश आणि चीनचा दक्षिण किनारा ओलांडून ते बोट समुद्रापाशी थांबते, ते हाँगकाँगवर. दोन्ही शहरे २२ अंश १८ मिनिटे उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेली आहेत. इंदूर त्याहून अर्ध्या अंशाच्या आतच वर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्या दिवशी बडोद्यात मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते, जवळपास त्याच दिवशी ती हाँगकाँगमध्येही नाहीशी होते. सूर्यनारायणाने आपल्याकडून पंक्तिप्रपंच केलेला नाही. वाढप्यांनी मात्र केला आहे. ते वाढपी म्हणजे वारा आणि समुद्र.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. हाँगकाँगच्या वेधशाळेतील आजवरचा उच्चांक ३६.६ अंशांचा, तोही २२ ऑगस्ट २०१७ या दिवशीचा. आकडा वाचून आपल्याला हेवा वाटतो. पण तेथे पाऊल ठेवताच हेवा ओसरतो. पहाटेदेखील पारा २८ अंशांवरून हलत नाही, हवेत ओलावा इतका की अंगावरचा घाम सुकण्याचे नाव घेत नाही. आपला उन्हाळा भाजतो, तेथला उकडतो. वर्षाकाठी पाऊस सुमारे २४०० मिलिमीटर, म्हणजे बडोद्याच्या दुपटीहून अधिक. हिवाळ्यात मात्र आशिया खंडाच्या पोटातून येणारे कोरडे, गार वारे या बेटाला कुडकुडायला लावतात. म्हणूनच कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असूनही भूगोलाची पुस्तके त्याच्या हवामानाला 'उपोष्ण' म्हणतात.

जूनमधील एक दिवस मला या शहरात पायी हिंडून घालवता आला. मुक्काम काउलूनला, म्हणजे बेटासमोरच्या भूशिराच्या टोकावर होता. पहाटे साडेपाचलाच उजाडले. उद्यानात वृद्ध स्त्री-पुरुष संथ लयीत हातपाय हलवीत व्यायाम करीत होते. झाडांवरच्या किड्यांची किरकिर आपल्या रातकिड्यांसारखीच, पण भर उजेडात चाललेली. गुलमोहर फुललेला. जवळच एका लहानशा टेकडीवर, उंच इमारतींच्या गराड्यात, १८८३ साली स्थापन झालेली वेधशाळा आहे. १८८४ पासून पाऊस आणि पारा यांच्या नोंदी तेथे ठेवल्या जात आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेवढा खंड पडला.

काउलूनहून बेटावर जायला भुयारी रेल्वे आहे, पण उन्हाळ्यात बोटीसारखे सुख नाही. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात अंगाला वारा लागतो आणि पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी पाहून मुंबईच्या बंदराची आठवण होते. ही आठवण केवळ घारींपुरती नाही. ही 'स्टार फेरी' १८९८ पासून कंपनीच्या रूपाने चालत आली असली, तरी तिचा आरंभ डोराबजी नवरोजी मिठाईवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी केला. येथील विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीसाठी मोठी देणगी देणारे होरमसजी मोदी हेही पारशीच. मुंबई आणि हाँगकाँग यांमधील जहाजांची ये-जा त्या काळी नित्याची होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

बेटावर उतरून, १९०४ पासून चालत आलेल्या ट्रामसेवेच्या एका दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर बसलो. खिडक्या उघड्या, गती बेताची, भाडे थोडे. ट्रामचा मार्ग समुद्रालगत सपाट आहे. शहर मात्र डोंगराच्या अंगावर चढत गेलेले आहे. ट्राम सोडली की दगडी पायऱ्या सुरू होतात. त्या पायऱ्यांच्या कडेला चिरेबंदी भिंती आणि भिंतींच्या फटींत मुळे रोवून उभी असलेली वडाच्या जातीची झाडे आहेत. पायाखाली माती नाही, तरी छाया भरघोस. ज्या गावाचे नावच वटवृक्षावरून पडले त्या गावच्या माणसाने त्या सावलीत क्षणभर विसावणे साहजिकच होते.

पायऱ्या चढून मान मो नावाच्या जुन्या मंदिरापाशी आलो. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठमोठ्या वेटोळ्यांचा धूर आत दाटलेला असतो. तेथून काही पावलांवर ताइपिंगशान हा भाग लागतो. तेथे एक छोटी बाग आहे, बाकांवर म्हातारी माणसे आणि घसरगुंडीवर मुले. मध्यान्हीची वेळ होती. माणसांच्या सावल्या त्यांच्या पायांतळीच गोळा झाल्या होत्या. इतक्या दाट वस्तीत ही मोकळी जागा कशी राहिली, हा प्रश्न मनात येतो. आणि त्याचे उत्तर आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

१८९४ च्या उन्हाळ्यात या ताइपिंगशानमध्ये ग्रंथिज्वराची साथ उसळली. एकेका खोलीत कित्येक कष्टकरी कुटुंबे कोंबलेली, पाण्याची ददात, हवेला वाव नाही. त्या वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली. सरकारने श्रॉपशायर पलटणीचे गोरे शिपाई घरोघर धाडले. त्यांनी घरांत शिरून रोगी आणि प्रेते शोधली, सामान बाहेर काढले, भिंतींना चुना फासला. रोग्यांना बंदरातील इस्पितळाच्या गलबतावर नेत. लोकांचा विश्वास होता तो त्यांच्या स्वतःच्या तुंग वा रुग्णालयावर. त्या विश्वासाची फारशी पत्रास ठेवली गेली नाही. परिणामी लोक रोगी लपवू लागले आणि हजारोंनी शहर सोडून गेले. शेवटी सरकारने ती वस्तीच पाडली. त्याच ठिकाणी आज ती बाग आहे.

त्याच उन्हाळ्यात जपानचे कितासातो आणि फ्रान्सच्या पाश्चर परंपरेतील अलेक्झांडर येर्सिन हाँगकाँगला येऊन रोगाचे मूळ शोधू लागले. येर्सिन यांना इस्पितळात जागा मिळाली नाही; त्यांनी बांबू आणि गवताची झोपडी उभारून तेथे सूक्ष्मदर्शक मांडला. आज तो जंतू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बागेपासून थोडे वर, १९०६ साली बांधलेल्या जुन्या जंतुशास्त्र संस्थेत, वैद्यकशास्त्राचे संग्रहालय आहे. विटांची ती इमारत शांत असते. मला तेथून लवकर निघवले नाही.

कारण दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, हाच रोग मुंबईच्या मांडवी भागात प्रकटला. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. हाँगकाँगहून येणाऱ्या जहाजांबरोबर तो आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढची हकीकत मराठी घरांत सांगावी लागत नाही. पुण्यात घरोघर शिरलेले सोजीर, देवघरांची आणि माजघरांची झालेली विटंबना, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेली गोळी आणि चाफेकर बंधूंचे फास. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आपण हे सारे पुण्याचा इतिहास म्हणून वाचतो. ताइपिंगशानच्या बागेत बसल्यावर कळते की पुण्यात जे घडले त्याची रंगीत तालीम तीन वर्षे आधी येथे होऊन गेली होती; आणि तिच्यातून राज्यकर्त्यांनी औषधांचा धडा घेतला असेल, पण माणसांचा घेतला नाही. एकीकडे फाटके वस्त्र नेसलेल्या रोग्याला पाठीवर घेऊन जाणारी सावित्रीबाई, दुसरीकडे बंदूक घेऊन उंबरठा ओलांडणारा शिपाई. हेतू दोघांचाही साथ थोपवण्याचाच म्हणावा. लोकांनी दार कोणाला उघडले असते, हे सांगायला नको.

दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आले आणि पिवळ्या रंगाचा पर्जन्यइशारा लागला. तासाला ३० मिलिमीटर पावसाला पिवळा, ५० ला लाल, ७० ला काळा अशी ही पद्धत आहे. ८ मे १९९२ च्या मुसळधार पावसात शहराची दैना झाली, त्यानंतर ती सुरू झाली; आजचे तीन रंग १९९८ पासूनचे. लाल वा काळा इशारा लागला की शाळा भरत नाहीत. तो आदेश सरकारचा शिक्षण विभाग काढतो; मुख्याध्यापकाला स्वतः निर्णय घेत बसावे लागत नाही. माझ्या व्यवसायातील माणसाला या एका नियमाचे मोल किती, ते पावसाळ्यात रोज पहाटे आभाळाकडे पाहणारेच जाणतील. दुकानदारांनी घाईगर्दी न करता माल आत घेतला, माणसे आडोशाला थांबली. कोणी इशाऱ्याची टिंगल केली नाही, कोणी घाबरलेही नाही.

ही शिस्त आकाशातून पडलेली नाही. १८ जून १९७२ रोजी, तीन दिवसांच्या अखंड पावसानंतर, काउलूनच्या बाजूला साउ माउ पिंग येथे आणि बेटावर पो शान मार्गावर डोंगर कोसळले. एकीकडे ७१, दुसरीकडे ६७ माणसे गाडली गेली. पहिली वस्ती गरिबांची, दुसरी सुखवस्तूंची. चिखलाने भेद केला नाही. चारच वर्षांनी साउ माउ पिंगला पुन्हा दरड कोसळली. मग १९७७ मध्ये डोंगरउतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र कार्यालय निघाले. आज शहरातील मानवनिर्मित उतार नोंदलेले आहेत, त्यांची संख्या सुमारे ६० हजार आहे, आणि भिंतीवर लावलेल्या पाटीवर प्रत्येकाचा क्रमांक वाचता येतो. शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे डोंगरांचा हजेरीपट! ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक. शहर पाण्याने भरले, पण १९७२ ची पुनरावृत्ती झाली नाही.

पाऊस तासाभरात ओसरला. सायंकाळी सरकत्या जिन्यांच्या रांगेने डोंगराचा बराच भाग चढलो. १९९३ पासून हे जिने चालू आहेत; सकाळी कामावर जाणाऱ्यांसाठी खाली वाहतात, नंतर मध्यरात्रीपर्यंत वर. त्याच्याही वर, शिखरावर, हवा दोन-तीन अंशांनी गार असते. १९०४ च्या कायद्याने तेथे चिनी माणसाला घर करून राहण्याची मुभा नव्हती. तो कायदा १९४६ साली रद्द झाला. आता त्या गारव्यावर कोणाही वाटसरूचा हक्क आहे.

आपल्याकडेही इशारे आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून अर्धे शहर वेढले. हवामान खाते आपले रंग वेळेवर दाखवते, परंतु रंग पाहून काय करावयाचे हे घराघरांत ठरलेले नसते. तो संकेत सरकारी हुकुमाने रुजत नाही. हाँगकाँगला तो पटायला दोन डोंगर कोसळावे लागले, आणि आधी शिपायांच्या जागी वेधशाळेवर विश्वास बसावा लागला. आपल्याला त्यासाठी आणखी एका पुराची गरज नाही. या आषाढात घरातील मुलांना घेऊन बसावे, पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांचा अर्थ त्यांच्याकडूनच वहीत लिहवून घ्यावा, आणि प्रत्येक रंगापुढे आपल्या घराने काय करावयाचे तेही लिहावे. कोणी शेजारी एकटा, वृद्ध असेल तर त्याला कोणी आणावयाचे, हे नाव सर्वांत आधी लिहावे.