आठवड्याचा स्वयंपाक आणि डब्यांची निवड

शिळें अन्न घरांत ठेवूं नये, हा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा दंडक. परंतु सून नोकरीसाठीं सकाळीं साडेसातला घर सोडते, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोन्ही वेळां पानांवर आठ माणसें बसतात, अशा घरांत उसळी, आमटी, वाटणें रविवारींच करून ठेवण्याची रीत आतां पडली आहे. यावरून कुरबुर होते, हें आम्ही जाणतों. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तडजोडीचा बराचसा भार डब्यांवर आहे.

प्रथम दंडकाचें कारण पाहूं. तांदळांत बॅसिलस सीरियस नांवाचा जंतु असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहींत. भात तासन्‌तास कोमट राहिला कीं ते रुजतात, आणि त्या जंतूचें विष भात पुन्हां ऊन केल्यानें नाहींसें होत नाहीं. म्हणून शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें जावें व तेथील उष्णमान ५ अंश सेल्सियसच्या वर नसावें. खोल पातेल्यांतील आमटी मध्यभागीं कित्येक तास कोमट राहते. तीच उथळ डब्यांत वाटून ठेविली तर लौकर निवते. तेव्हां एका मोठ्या डब्याऐवजीं एका वेळेस पुरतील असे चार बेताचे डबे घ्यावेत. एकच डबा वारंवार उघडणेंही त्यामुळें टळतें.

आतां डबा कशाचा असावा? आजीच्या पितळी डब्यांचा लोभ आम्हांसही आहे. कोरडें धान्य त्यांत खुशाल ठेवावें. परंतु कल्हई गेलेल्या पितळेंत ताक किंवा चिंचेचा पदार्थ कळकतो, हें कोणास सांगावयास नको. रोजच्या वापरास स्टील उत्तम. शेंकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असलेलें, ‘३०४’ या वर्गाचें स्टील घ्यावें. डबा पडला तर पोचा येईल, फुटणार नाहीं. मात्र मिठानें स्टीलासही बारीक खड्डे पडतात. लोणच्यास चिनी मातीची बरणीच हवी.

कांचेस हळदीचा डाग वा लसणीचा वास लागत नाहीं, व आंतील पदार्थ दिसतो. बोरोसिलिकेट कांच उष्णतेनें साध्या कांचेच्या सुमारें एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तडकण्याचें भय कमी. कमी म्हणजे मुळींच नाहीं, असें नव्हे. आमच्याच घरीं फ्रिजमधून काढलेला असा डबा घाईंत तसाच शेगडीवर ठेविला गेला, आणि सबंध मसालेभात कांचांसकट टाकावा लागला.

प्लॅस्टिक हलकें व स्वस्त खरें, परंतु त्यांत ऊन किंवा तेलकट पदार्थ घालूं नये. मायक्रोवेव्हमध्यें तर तें तापवूंच नये. घ्यावयाचेंच तर तळाशीं त्रिकोणांत ५ हा आंकडा असलेलें, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचें, घ्यावें. आइस्क्रीमचे रिकामे डबे जपण्याची काटकसर आम्हीही करतों. पण त्यांत खिळे-मोळे, बटणें ठेवावीं, आमटी नव्हे. झांकणाची रबरी कडी दर वेळीं काढून धुवावी, नाहीं तर खांचेंत बुरशी धरते.

प्रत्येक डब्यावर पदार्थाचें नांव व वार लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. रविवारचा पदार्थ बुधवारपर्यंत संपवावा. त्यापुढील दिवसांचे डबे रविवारींच उणें १८ अंशांच्या बर्फकप्प्यांत ठेवावे, आणि ते कांठोकांठ भरूं नयेत, कारण पाणी गोठतांना फुगतें. आजोबांनीं “हें केव्हांचें?” म्हणून विचारलें, तर उत्तर झांकणावरच सांपडेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही डब्यानें साधणार नाहीं. रविवार हा सुनेचाही सुटीचा दिवस आहे. आठ माणसांच्या आठवड्याची तयारी तिनें एकटीनें करावयाची असेल, तर तिचे सहा दिवस हलके होऊन सातवा हरवेल. भाजी निवडणें, डबे पुसणें, चिठ्ठ्या लिहिणें हीं कामें मुलांस व पुरुषमंडळींस सहज जमण्यासारखीं आहेत. येत्या रविवारीं त्यांस ओट्यापाशीं बोलवावें, अशी आमची सूचना आहे.