'फॉरमॅट मार' म्हणण्याआधी

आपल्या होस्टेलवर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध आहे: "फॉरमॅट मार!" मशीन हँग झालं, फॉरमॅट मार. फाईल उघडत नाही, फॉरमॅट मार. उद्याचे इंजिनिअर म्हणवणाऱ्यांनी तपासणी न करता थेट ऑपरेशनच करावं, हे मला अजिबात पटत नाही.

डिस्क चेकचंच घ्या ना. बूट होताना स्क्रीनवर टक्के सरकायला लागतात आणि आपण कँटीनला पळतो. परत येईस्तोवर डेस्कटॉप आलेला असतो. "झालं वाटतं, ठीकच असेल!" पण सापडलं काय? पेपर देऊन निकालच बघायचा नाही, असला हा प्रकार. (केटीवाल्यांना ही कल्पना आवडेल म्हणा.)

विंडोज तो निकाल जपून ठेवते. स्टार्टमधून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. हो, ॲप्लिकेशनच, डिस्कची भानगड म्हणून बरेच जण सिस्टीममध्ये शोधत बसतात. फिल्टरमध्ये सोर्स विनइनिट आणि आयडी १००१ द्या. नुसता १००१ दिलात तर एरर रिपोर्टिंगच्या नोंदींचा ढीग येईल, कारण त्यांचाही नंबर तोच. एक्सपीच्या काळात हा सोर्स विनलॉगऑन होता, त्यामुळे सीनियर्सच्या जुन्या नोट्स इथे दगा देतात. विंडोज चालू असताना चेक केला असेल तर सोर्स चेकडिस्क.

नोंद लांबलचक असते, पण घाबरू नका. इंडेक्स वगैरे दुरुस्त केल्याच्या ओळी लाईट गेल्यावरही येतात. शेवटाकडे 'बॅड सेक्टर्स'मध्ये किती केबी, ते आधी बघा. मात्र शून्य दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. आर स्विच लावला नसेल तर पूर्ण डिस्क वाचलेलीच नसते. आणि आकडा चेकगणिक वाढत असेल तर डिस्क चाललीय! अशा वेळी आधी डेटा कॉपी करा, बाकी सगळं नंतर. मरणाऱ्या डिस्कला पुन्हा पुन्हा पूर्ण वाचायला लावणं म्हणजे आजारी माणसाला पर्वतीच्या पायऱ्या चढवणं.

शेजारच्या खोलीतल्या एका फायनल इयरवाल्याचं मशीन असंच रडत होतं. अख्खा विंग "फॉरमॅट मार" म्हणून मोकळा झालेला. आम्ही लॉग उघडला. महिन्याभरातल्या दोन चेकच्या नोंदी होत्या आणि दुसरीत बॅड सेक्टर्स वाढलेले. चार जणांचं वर्षभराचं प्रोजेक्ट त्याच डिस्कवर, दुसरी कॉपी नाही! रात्रीतून ते पेनड्राइव्हवर काढलं. पुढच्याच आठवड्यात डिस्क बायोसलाही दिसेना.

फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं? प्रोजेक्ट गेलंच असतं, शिवाय हे लॉग सी ड्राइव्हवरच असतात, म्हणजे पुरावाही साफ. नवं विंडोज चार दिवस छान पळालं असतं आणि आपण म्हणालो असतो, "बघ, व्हायरसच होता!"

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात फाईल सिस्टीमच्या आकृत्या आपण मार्कांसाठी सुबक काढतो. प्रॅक्टिकलला मात्र अशी एक खरी नोंद कुणी वाचायला लावत नाही. जर्नलमध्ये एवढी एक असाइनमेंट घालायला काय हरकत आहे, सर? लॅबमधल्या जुन्या मशीन्सवर मालमसाला भरपूर सापडेल.