विश्लेषण : पोटातील रक्तवाहिन्या दाखवणारे ‘स्पेक्ट्रल सीटी’ काय आहे? कमी ‘डाय’मध्ये स्पष्ट चित्र कसे मिळते?

२०२२ मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे जीई हेल्थकेअरच्या शांघायमधील कारखान्याचे काम विस्कळीत झाले आणि अमेरिकेतील रुग्णालयांत सीटी स्कॅनच्या ‘डाय’चा तुटवडा निर्माण झाला. शिरेतून दिले जाणारे हे आयोडीनयुक्त औषध कमीत कमी कसे वापरता येईल, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. त्याचे एक उत्तर म्हणजे स्पेक्ट्रल सीटी.

डाय कशासाठी लागतो?

साध्या सीटीत रक्त आणि आजूबाजूचे अवयव जवळपास एकाच करड्या छटेत दिसतात. आयोडीन क्ष-किरण अडवते, त्यामुळे डाय पोहोचलेल्या रक्तवाहिन्या पांढऱ्या उठून दिसतात. महाधमनीला आलेला फुगा, आतड्याच्या धमनीतील गुठळी किंवा पोटातील रक्तस्राव यातूनच कळतो. अडचण अशी, की असे अनेक रुग्ण वयस्कर, मधुमेही किंवा उच्च रक्तदाबाचे असतात. त्यांची मूत्रपिंडे आधीच कमकुवत असतील, तर डाय जपून द्यावा लागतो.

स्पेक्ट्रल सीटी वेगळे कसे?

क्ष-किरणांच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. साधे यंत्र त्यांची एकत्रित नोंद घेते, तर स्पेक्ट्रल यंत्र ती ऊर्जेनुसार वेगवेगळी घेते. त्यासाठी काही यंत्रांत दोन नळ्या, तर काहींत दोन थरांचा डिटेक्टर असतो. प्रत्येक फोटॉन मोजणाऱ्या नव्या पिढीच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली.

आयोडीन कमी ऊर्जेचे किरण जास्त शोषते. त्यामुळे संगणकाने ४० ते ५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट पातळीचे चित्र तयार केले, की थोडा डायही ठळक दिसतो.

रुग्णाला फायदा काय?

आयोडीन नेमके कुठे पोहोचले, याचा रंगीत नकाशा मिळतो. आतड्याच्या एखाद्या भागाला रक्त कमी मिळत असेल, तर तो भाग त्यात फिका दिसतो. दुसरे म्हणजे, चित्रातून आयोडीन ‘वजा’ करून डायविना काढल्यासारखे चित्र तयार करता येते. महाधमनीत स्टेंट-ग्राफ्ट बसवलेल्यांचे वारंवार स्कॅन होते. त्यांच्या तपासणीतील एक फेरी यामुळे वाचू शकते आणि किरणोत्सर्गही कमी होतो.

मर्यादा कोणत्या?

कमी ऊर्जेच्या चित्रात दाणेदारपणा वाढतो. रुग्ण स्थूल असेल तर तो अधिक जाणवतो. आयोडीन वजा करताना धमनीतील कॅल्शियमचे बारीक कणही पुसले जाऊ शकतात. शिवाय ही यंत्रे महाग असल्याने सगळीकडे उपलब्ध नाहीत.

मग स्पेक्ट्रल सीटीसाठी थांबावे का?

तातडीच्या वेळी नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत आतडे निकामी होऊ लागते. अचानक असह्य पोटदुखी असेल आणि डॉक्टरांना हीच शंका असेल, तर जवळ उपलब्ध असलेली साधी सीटी अँजिओग्राफी लगेच करणे महत्त्वाचे. अशा वेळी मूत्रपिंडाच्या काळजीपोटी डाय टाळल्यास नुकसान अधिक होऊ शकते. नियोजित तपासणी असेल, तर मात्र क्रिएटिनिनचा अहवाल, पूर्वी डायची आलेली अ‍ॅलर्जी आणि मेटफॉर्मिनसारखी सुरू असलेली औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. कमी डायमध्ये स्कॅन शक्य आहे का, हेही तेव्हाच विचारता येईल.