अशोक मेहता आणि आपण धान्य-व्यापारी

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत ज्यांचे स्मरण करावयाचे ते बहुधा देणगीदार असतात, अथवा एखादा जाचक कर रद्द करविणारे लोकप्रतिनिधी असतात. आज आम्ही ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहोत त्यांनी आपल्यासाठी यांपैकी काहीच केले नाही. उलट, घाऊक धान्य-व्यापार व्यापाऱ्यांच्या हातून क्रमाक्रमाने काढून घ्यावा व तो समाजाच्या मालकीचा करावा, अशी लेखी शिफारस ज्या समितीने १९५७ साली केली, तिचे ते अध्यक्ष होते. अशा माणसाचे नाव वाडीतल्या आणि हाथीखान्यातल्या पेढ्यांवर बसणाऱ्यांनी कशासाठी घ्यावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, आपल्याविरुद्ध ज्याने फिर्याद केली त्याचे म्हणणे एकदा शांतपणे वाचून पाहिले पाहिजे. आणि दुसरे असे की, याच माणसाने पुढे परराष्ट्रनीतीच्या एका प्रश्नावर हाती असलेले मंत्रिपद सोडले. ते ज्या तत्त्वासाठी सोडले, ते तराजूशी जन्माचा संबंध असलेल्या मनुष्यास चटकन् कळावे असे आहे.

अशोक मेहता यांचा जन्म १९११ साली भावनगरला झाला. गुजराती साहित्य परिषदेची स्थापना करणारे रणजितराम मेहता हे त्यांचे वडील. (पंचायत राज्याच्या पहिल्या समितीचे अध्यक्ष बळवंतराय मेहता हेही भावनगरचेच, त्यामुळे दोघांची गल्लत सदैव होते. त्यातून अशोक मेहता यांनीही १९७७-७८ मध्ये पंचायत राज्यावरच एका समितीचे अध्यक्षपद भूषविल्यामुळे गोंधळात भरच पडली आहे.) जन्माने गुजराती असले तरी त्यांची राजकीय घडण झाली ती मुंबईस व नाशिकच्या तुरुंगात. तेथे जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी यांच्या सहवासात समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्मास आला. लोकसभेत ते प्रथम गेले तेही मराठी मुलखातून. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते व त्यांचा दुर्दैवाने पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. १९६७ सालीही त्यांना भंडाऱ्यानेच दिल्लीस पाठविले. भंडारा हा भाताचा जिल्हा. भाव पडला म्हणजे शेतकऱ्याच्या घरी काय होते आणि चढला म्हणजे मजुराच्या घरी काय होते, हे तेथील प्रतिनिधीस पुस्तकांतून शिकावे लागत नाही.

आता त्या फिर्यादीकडे वळू. १९५४-५५ च्या सुमारास धान्याचे भाव कोसळले तेव्हा शेतकरी बुडाला, आणि पुढच्या दोन वर्षांत ते चढले तेव्हा खाणारा बुडाला. या परिस्थितीत जून १९५७ मध्ये केंद्र सरकारने अन्नधान्य चौकशी समिती नेमली व नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. तो अहवाल अतिरेकी नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. संपूर्ण मोकळा व्यापारही नको आणि संपूर्ण नियंत्रणही नको, अशी त्याची मध्यम भूमिका होती. भाव-स्थिरीकरणासाठी एक मंडळ असावे. सरकारने स्वतःचा साठा ठेवून स्वस्ताईत खरेदी व महागाईत विक्री करावी. गरिबांसाठी रास्त भावाची दुकाने काढावीत, असे त्यात सांगितले होते. यांतील कोणत्याही गोष्टीवर आज आपल्यापैकी कोणी आक्षेप घेणार नाही. आक्षेप आहे तो घाऊक व्यापार हळूहळू समाजाच्या ताब्यात आणण्याच्या शिफारशीस. तिच्यामागील विचार आम्ही आमच्या शब्दांत मांडावयाचा तर असा: भाव स्थिर असावा यात पिकविणाऱ्याचे हित आहे, खाणाऱ्याचेही आहे, मधल्या घाऊक व्यापाऱ्याचा मोठा नफा मात्र चढउतारातून येतो, म्हणून स्थिरतेची किल्ली त्याच्या हाती ठेवता येत नाही.

हा आरोप सपशेल खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्या व्यापारात तेजीची वाट पाहत वखारीला कुलूप घालून बसणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आणि जैन म्हणविणाऱ्यास तर हा प्रश्न समाजवादी पक्षाने नव्याने विचारलेला नाही. श्रावकाच्या अणुव्रतांतील पाचवे परिग्रह-परिमाणाचे. जमीन व घर, सोने व रुपे यांच्याबरोबरच धन-धान्याची मर्यादा ओलांडणे हा त्या व्रतातला दोष म्हणून आपल्या आचार्यांनी नाव घेऊन सांगितलेला आहे. अत्यावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ सालचा. साठ्याची मर्यादा आपल्या धर्माला त्याच्या कित्येक शतके आधीपासून ठाऊक आहे. फरक इतकाच की, ती मर्यादा मनुष्याने आपली आपण घालावयाची होती. आपण ती घातली नाही, म्हणून सरकारने घातली, असे अशोक मेहता म्हणाले असते तर आपल्यापाशी काय उत्तर होते?

उत्तर आहे, परंतु ते मेहतांच्या निदानास नव्हे, औषधास आहे. नोव्हेंबर १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने धान्याचा घाऊक व्यापार सरकारने हाती घ्यावा असे ठरविले. त्यावेळचे अन्नमंत्री अजितप्रसाद जैन, आडनावाने आपलेच! १९५९ च्या एप्रिलात योजना जाहीर झाली, ऑगस्टात जैन यांनी मंत्रिपद सोडले, आणि त्यांच्या जागी आलेल्या मुंबईच्या स. का. पाटलांना ती योजना मुळातच मानवणारी नव्हती. त्यांनी दुसरा रस्ता धरला. मे १९६० मध्ये अमेरिकेशी करार करून चार वर्षांत एक कोटी साठ लक्ष टन गहू व दहा लक्ष टन तांदूळ आणण्याचे त्यांनी ठरविले. घाऊक व्यापार वाचला. देश मात्र परक्याच्या कोठारावर जगू लागला. ही किंमत लहान नव्हती, आणि ती मोजताना आपण व्यापाऱ्यांनी आनंद मानावा असेही तीत काही नव्हते.

खरी परीक्षा झाली ती १९७३ साली. तोवर मेहता सरकारात नव्हते. नव्या राज्यकर्त्यांनी त्या वर्षीच्या रब्बीपासून गव्हाचा घाऊक व्यापार सरकारी करून टाकला. खरेदीचा भाव क्विंटलला ७६ रुपये. सुमारे ८१ लक्ष टन गहू सरकारी वखारीत यावयाचा होता, आला तो ४५ लक्ष टनांच्या आसपास. शेतकऱ्याने माल घरात ठेवला, राहिलेला चोरवाटेने गेला, आणि तुटीच्या प्रांतांत भाव भडकले. असे का झाले ते धान्याच्या बाजारात चार वर्षे काढलेल्या कोणासही सांगता येईल. घाऊक व्यापारी म्हणजे नुसती वखार नव्हे. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल किती, किडका किती, माती किती हे तो पाहतो व त्याप्रमाणे भाव करतो. शेतकऱ्यास पेरणीपूर्वी उचल देतो, किरकोळ दुकानदारास उधारी देतो. कोणत्या तालुक्यात माल पडून आहे व कोणत्या गावात संपत आला हे त्याला तारेने, टेलिफोनने, आज खिशातल्या यंत्राने, रोज कळत असते. आणि पोत्यांना कीड लागली तर नुकसान त्याचे असते. हे सर्व काम एका फर्मानाने कारकुनाच्या हाती देता येत नाही. १९७४ च्या वसंतात सरकारने योजना गुंडाळली आणि खरेदीचा भाव १०५ रुपये केला. ७६ व १०५ यांतील अंतर हीच त्या प्रयोगाची परीक्षा होय. मधल्या काळात गुजरातेत काय झाले ते येथल्या वाचकांस सांगणे नलगे: १९७३ च्या अखेरीस अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील खानावळीच्या बिलावरून उठलेली ठिणगी नवनिर्माण आंदोलन झाली व फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांस जावे लागले.

तथापि मेहतांच्या अहवालातील उरलेला भाग वाया गेला नाही. १९६५ साली अन्न महामंडळ व कृषिमूल्य आयोग अस्तित्वात आले, त्या वेळी मेहता नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. शेतकऱ्यास आधारभावाची हमी, सरकारपाशी राखीव साठा आणि गरिबास रास्त भावाचे दुकान ही तिन्ही आज देशात पक्की रुजली आहेत, व त्यांच्या शेजारीच आपला व्यापारही चालू आहे. आर्थिक न्यायाविषयीचा त्यांचा मूळ आग्रह असा बराचसा सफल झाला; आपल्याला काढून टाकण्याचा भाग तेवढा अनुभवाने गळून पडला. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनात ते सरकारच्या बाजूने होते, आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला याबद्दल त्यांनी पुष्कळ शिव्या खाल्ल्या. समाजवादी मनुष्याने परकी दडपणाखाली हे केले, असा आक्षेप होता. त्या साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. हात इतका पसरलेला असताना बोलण्याची मोकळीक किती उरते याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी केला नाही.

आता त्या राजीनाम्याविषयी. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएट फौजा व त्यांच्या मित्रांचे रणगाडे झेकोस्लोव्हाकियात शिरले. आपल्या सरकारने चिंता व्यक्त केली, पण निषेधाचा शब्द उच्चारण्याचे टाळले. सुरक्षा समितीत निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. अशोक मेहता तेव्हा पेट्रोलियम व रसायन खात्याचे मंत्री होते. याचा अर्थ बडोदेकरांनी नीट ध्यानात घ्यावा. आपल्या दाराशी असलेला कोयलीचा तेलशुद्धी कारखाना सोव्हिएट साहाय्याने उभा राहिला, व १९६६ साली त्याचे उद्घाटन झाले. ज्या खात्याचे मोठे काम सोव्हिएट मदतीवर चाललेले, त्याच खात्याच्या मंत्र्याने सोव्हिएट आक्रमणाचा निषेध होत नाही म्हणून खुर्ची सोडली. दुसऱ्या कोणत्याही खात्याचा मंत्री असता तर त्याला हे थोडे सोपे गेले असते.

त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांची तक्रार तशी जुनी होती. १९५६ साली इंग्लंड-फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा दिल्लीचा आवाज खणखणीत होता. त्याच दिवसांत हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा तो अडखळला. जयप्रकाशजी आणि प्रजा समाजवादी पक्ष तेव्हापासून हेच विचारीत होते, की दुबळ्यावर बळवंताचा हात पडला तर तो हात कोणाचा आहे हे पाहून मत ठरवावयाचे काय? तिसऱ्या अणुव्रताचे जे दोष आपल्यास सांगितले आहेत त्यांत घेताना एक वजन व देताना दुसरे वजन वापरणे हा एक आहे. अलिप्ततेस आमचा विरोध नाही. दोन बलाढ्य पेढ्यांच्या भांडणात तिसऱ्याने कोणाचाच जामीन होऊ नये, हा शहाणपणाचा व्यवहार आहे. पण कोणाचा जामीन न होणे निराळे, आणि पेढी पाहून वजन बदलणे निराळे. मेहतांचे म्हणणे आम्हांस असे समजते की, न्याय हा देशात शेतकरी व मजुरासाठी मागावयाचा आणि देशाबाहेर प्रागच्या माणसासाठी मागावयाचा नाही, असे करता येत नाही.

परराष्ट्रनीतीशी धान्य-व्यापाऱ्याचा संबंध काय, असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी २०२२ साल आठवावे. फेब्रुवारीत रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. सुरक्षा समितीत भारत पुन्हा तटस्थ राहिला. मे महिन्यात गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली, आणि ज्यांनी बंदरावर माल नेला होता त्यांची पोती तेथेच अडकली. २०२३ च्या जूनात घाऊक व्यापाऱ्यास गव्हाच्या साठ्याची मर्यादा ३,००० टन घातली गेली, सप्टेंबरात ती २,००० झाली, डिसेंबरात १,०००. तेल कोठून घ्यावे, शस्त्रे कोठून घ्यावीत, याची गरज १९६८ प्रमाणे २०२२ मध्येही सरकारपुढे होती. ती आम्ही नाकारीत नाही. परंतु या वेळी मंत्रिमंडळातून एकाही माणसाने त्या प्रश्नावर पद सोडले नाही, आणि आपल्यासारख्या मंडळांच्या सभांत निर्यातबंदीवर तासन्‌तास बोलणे झाले तरी तटस्थतेवर अवाक्षर निघाले नाही. कोयलीला आजही बाहेरून तेल येते. १९६८ साली त्याच खात्याच्या मंत्र्याला जे बोलावेसे वाटले, ते बोलण्यास आपल्यापाशी तर सोडावयास मंत्रिपदही नाही.

मेहता पुढे संघटना काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, १९८४ साली वारले. सत्तेच्या दृष्टीने पाहिले तर राजीनाम्यानंतर त्यांची कारकीर्द उतरतीच म्हणावी लागेल.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत साठ्याची मर्यादा वाढवून मागण्याचा ठराव येणार असे ऐकतो. त्यास आमचा पाठिंबा आहे. मात्र त्याच ठरावात दोन कलमे घालावीत अशी आमची सूचना आहे. एक, सभासदांनी कायद्याने भाग पाडल्याखेरीजही आपल्या वखारीतील साठा व त्या दिवसाचा भाव पेढीवर फळ्यावर लिहावा. दुसरे, सरकारी गुदामांतील साठा, त्यातील खराब झालेला माल आणि उंदरा-किडीने गेलेला माल यांचे आकडे जिल्हावार व तितक्याच वेळच्या वेळी प्रसिद्ध व्हावेत. पहिल्या कलमास विरोध होईल हे आम्ही जाणतो. काही बंधूंनी तो बोलूनही दाखविला आहे. दुसरे कलम मात्र सर्वांस एकदम पसंत पडले.