सफर : डिसेंबर नको, मार्च घ्या

उत्तर फिनलंडच्या, म्हणजे लॅपलंडच्या सहलींच्या जाहिराती बहुधा डिसेंबरच्या असतात. काचेची घरे, हिरवे आकाश, लाल टोपीतला सांताक्लॉज. आमचे मत सरळ आहे. नमाजी कुटुंबाने आणि ज्यांना बर्फात खरोखर हिंडायचे आहे अशांनी डिसेंबर टाळावा, मार्चमध्ये जावे.

कारण सूर्य. सारिसेल्का हे गाव सुमारे 68 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरचा बहुतेक महिना सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारच्या सुमारास काही तास निळसर उजेड, बाकी सारी रात्र. मग जुहर कधी, असर कधी? दज्जालविषयीच्या हदीसमध्ये एक दिवस वर्षाएवढा असेल असे ऐकून सहाबांनी नमाजचे काय, असे विचारले होते, आणि वेळेचा अंदाज करून अदा करण्याचे उत्तर मिळाले होते. त्याच आधारावर उलमा मार्ग सांगतात. कोणी दिवसरात्र होणाऱ्या जवळच्या शहराची वेळ धरायला सांगतात, कोणी मक्केची. म्हणजे अडचण सुटते. पण आठ दिवसांच्या सुट्टीत मुलांना पाचही वेळा मोबाईलवरच बघाव्या लागाव्यात, हे आम्हाला रुचत नाही.

21 मार्चच्या सुमारास जगभर दिवस आणि रात्र जवळपास बारा-बारा तासांची असते. फजरपासून इशापर्यंत सगळे आभाळात दिसते. बर्फ कमी असेल ही भीती नको, तो मार्चमध्ये डिसेंबरपेक्षा जाड असतो. मात्र एप्रिलवर ढकलू नका, तेव्हा रात्री पूर्ण अंधारच पडत नाही आणि इशाचा प्रश्न उभा राहतो. 2027 मध्ये ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल असा अंदाज आहे. ईद घरी करून निघता येईल. किब्ला तिथे आपल्यासारखा पश्चिमेला नसून दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे कललेला. साधे होकायंत्र खिशात ठेवा, थंडीत मोबाईलची बॅटरी पटकन उतरते.

थंडीचे म्हणाल तर इब्न बतूताने चौदाव्या शतकात व्होल्गाकाठच्या हिवाळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. शेकोटीजवळ बसून गरम पाण्याने वुजू करावा, तरी पडलेला थेंब गोठे. तोंड धुतले की दाढीत बर्फ. अंगावर फरचे तीन कोट इतके जड झाले की घोड्यावर चढायला सोबत्यांनी उचलावे लागे. आज तसे करू नका. स्कीवर चालताना माणसाला घाम येतो, आणि थांबल्यावर तोच घाम गारठवतो. अंगालगत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारे जाकीट, आणि घाम यायच्या आत एक थर उतरवणे, एवढे पुरते. सुती कपडा अजिबात नको. बहिणींनी हिजाबही लोकरीचा घ्यावा. सुती ओढणी श्वासाच्या वाफेने ओली होते आणि हनुवटीशी कडक होऊन बसते.

वुजू करून चामड्याचे मोजे घातले की मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री मसहची सवलत आहे. त्यांच्यासाठी स्कीचे बूट एक माप मोठे मागा. लोकरीच्या मोज्यांवरच्या मसहबाबत मतभेद आहेत. कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी, दोघांनी आपापल्या आलिमांना आधीच विचारून निघावे. दोन नमाजी जमा करण्याचेही तसेच.

सारिसेल्काला लागूनच उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान आहे, 1983 साली स्थापन झालेले, सुमारे 2,550 चौरस किलोमीटरचे. आम्हाला सर्वांत आवडल्या त्या तिथल्या रानातल्या झोपड्या. काहींना कुलूप नसते, भाडे नसते. आत चूल, बाहेर सरपण. लहान मुलाला ढकलगाडीसारख्या घसरगाडीत बसवून, ती कमरेला बांधून ओढत तिथवर जाता येते. भांडेभर बर्फ वितळला की तळाशी थोडेसेच पाणी उरते, त्यामुळे वुजूचे पाणी चहाच्या आधी चुलीवर चढवा.

शेकोटीवर सगळे जण मक्करा भाजत असतात. हा सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचा असतो आणि प्रेमाने पुढे केला जातो. जाळी सामाईक असते, म्हणून आपले खाणे फॉइलमध्ये गुंडाळून भाजावे. रेनडिअरचा प्राणी हलाल आहे, पण जबीहा कसा झाला हे विचारल्याशिवाय खाऊ नये. मासे मुबलक मिळतात. आम्ही तांदूळ, मसूर डाळ, लोणचे आणि खजूर घरून नेले होते.

या झोपड्यांचा एक रिवाज आहे. उशिरा, थकून आलेल्याचा हक्क पहिला, आधीच्यांनी सरकून जागा करायची. आणि निघताना पुढच्यासाठी लाकडे फोडून, ढलपी काढून चुलीजवळ रचून ठेवायची. कोण येणार हे कुणालाच माहीत नसते. आमच्या धाकट्याने ढलप्या मोजून रचल्या, तेवीस.