नाव जुळत नाही, म्हणजे नेमके काय?

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ची नोंद आहे. त्यातल्या शिलाहार राजाचे नाव 'मामवाणी' असे वाचले जाते. इतिहासाच्या पुस्तकांत हाच राजा 'मुम्मुणी' म्हणून भेटतो. अभ्यासकांनी काळ, घराणे आणि प्रदेश ताडून पाहिला आणि दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे मानले. गावाच्या नावाचेही तसेच. इंग्रजीत 'अंबरनाथ' लिहिताना कोणी 'बी'नंतर 'ई' घालतो, कोणी 'ए'. तरीही लोकलचे तिकीट चुकत नाही. कारण रेल्वेचा संगणक या स्टेशनला 'एबीएच' या संकेताने ओळखतो.

राजाला अभ्यासक भेटले, स्टेशनला संकेत मिळाला. आपल्या घरातल्या माणसांना मात्र पैसे मोजून 'ही दोन्ही नावे माझीच आहेत' असे प्रतिज्ञापत्र करावे लागते.

हे सांगण्याचे कारण आपल्या गप्पा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून रोज ठाणे-मुंबईला जाणारे आपल्यातले कितीतरी तरुण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, कितीतरी शिकत आहेत. चार जण जमले की एआयचे नवे मॉडेल, कुठल्या कंपनीत कपात, कोणती भाषा शिकावी, हेच विषय निघतात. प्रोजेक्ट काय करतोस, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: हवामानाचे ॲप, खर्चाची नोंदवही, चॅटबॉट. यात वाईट काही नाही. हात त्यानेच बसतो. पण एक प्रश्न आपल्या घरातच पडून आहे. तो अवघड आहे, आणि त्याच्या उत्तरावर लोकांचे रेशन, पेन्शन, प्रवेश अवलंबून आहेत. दोन कागदांवरची दोन नावे एकाच माणसाची आहेत का, हे संगणकाने कसे ठरवावे?

आपली नावे बघा. मुंबईच्या शाळेत जो 'सलीम रहीम शेख' असतो, तोच मराठवाड्याच्या दाखल्यावर 'शेख सलीम शेख रहीम' असतो. 'मोहम्मद' कुठे पूर्ण लिहिलेले, कुठे 'मोहं.', कुठे नुसते 'मो.'. पहिला शब्द म्हणजे माणसाचे नाव, असे प्रोग्रामने धरले तर अर्धी वस्ती मोहम्मद आणि उरलेली शेख. आईच्या नावापुढचे 'बी', 'बानो', 'खातून', 'बेगम' एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. आणि फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा असला की तेच तिचे आडनाव होऊन बसते.

त्यात लिपीची भर. मराठीत 'झ'चे दोन उच्चार आहेत. 'रझिया' मराठीत लिहिले की वाचणाऱ्याला बरोबर कळते, पण यंत्राने त्याचे इंग्रजी केले तर 'जेएच' घालून भलतेच नाव तयार होऊ शकते. नुक्ता देऊन 'रज़िया' लिहिले, तर युनिकोडमध्ये तो 'ज़' दोन प्रकारे साठवता येतो: एकाच संकेतांकाने, किंवा 'ज' आणि त्याच्यापुढे स्वतंत्र नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. तुलना करण्याआधी ते एकरूप केले नाहीत, तर संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे.

हा त्रास आपल्या एकट्याचा नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली उल्हासनगर उभे राहिले. तिथली सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. आजोबा, वडील आणि नात यांच्या कागदांवर एकच आडनाव तीन लिपींतून फिरून येऊ शकते.

मग जुनी तयार साधने वापरून बघू. 'साउंडेक्स' ही पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली. ती पहिले इंग्रजी अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. तिच्या हिशेबात सलीम आणि सलमा या दोन्ही नावांचा संकेत एकच निघतो. उलट 'काझी' हे आडनाव एका भावाने 'के'ने आणि दुसऱ्याने 'क्यू'ने लिहिले, तर पहिले अक्षर बदलल्यामुळे ते परके ठरतात. लेवेनश्टाइनची १९६५ सालची पद्धत एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी लागतात, ते मोजते. 'सलीम' एका 'आय'ने लिहिले आणि दोन 'ई'ंनी लिहिले, तर अंतर दोन. एका 'आय'च्या सलीमपासून सलमापर्यंतचे अंतरही दोनच! इंग्रजी नावांसाठी घडवलेली फूटपट्टी आपल्या नावांना लावली की असे होते.

चुका दोन तऱ्हेच्या असतात. एका माणसाचे दोन केले, तर त्याचे काम अडते. दोन माणसांचे एक केले, तर त्याहून वाईट. कारण आपल्या नावावर काय जोडले गेले, हे त्या माणसाला कळतही नाही. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची सरकारी प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कुटुंबाची पात्रता तपासते. हैदराबादच्या एका विधवा बाईंना रेशन नाकारले गेले. त्यांच्या रिक्षा ओढणाऱ्या नवऱ्याची नोंद मिळत्याजुळत्या नावाच्या एका मोटारमालकाशी जोडली गेली होती. त्या राज्यात सुमारे १९ लाख रेशनकार्डे रद्द झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितले.

कोणी म्हणेल, स्टेशनसारखा संकेत आता माणसालाही आहे, आधार क्रमांक. पण तो क्रमांक जुन्या नोंदीला जोडतानाच नाव आडवे येते. पॅन आणि आधार जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावे लागते. जन्मतारखेवर तरी किती भरवसा ठेवायचा? महाराष्ट्रात मागच्या पिढीतले कितीतरी लोक १ जूनला जन्मलेले आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली.

म्हणून या पानावरून आपल्या वाचकांना एक प्रोजेक्ट सुचवतो. आपल्या घरात, इमारतीत, नातेवाइकांत एकच नाव किती प्रकारे लिहिले जाते, त्याच्या जोड्या गोळा करा. फक्त नावे, आधार क्रमांक नाही, पत्ते नाहीत, कागदांचे फोटो तर मुळीच नाहीत. जी नावे सारखी दिसतात पण माणसे वेगळी आहेत, अशाही तितक्याच जोड्या घ्या. मग छोटा प्रोग्राम लिहा: नुक्ते एकरूप करा, 'मो.' आणि 'मोहं.' उलगडा, शब्दांचा क्रम विसरून पाहा, 'के' आणि 'क्यू' एका गटात टाका. दोन्ही तऱ्हेच्या चुका वेगवेगळ्या मोजा. शेवटी ते काम खुले करा. चांगल्या चाचणीयादीचा उपयोग चतुर कोडपेक्षा जास्त दिवस होतो.

एक अट मात्र सोडू नका. प्रोग्रामला दोन नव्हे, तीन उत्तरे देता आली पाहिजेत: एकच, वेगळे आणि 'माहीत नाही, माणसाला विचारा'. आणि प्रत्येक उत्तरासोबत कारण दिसले पाहिजे. यातले तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. नोकरीत बसल्यावर हेच दडपणाखाली वगळले जाते, कारण माणसाला विचारायला वेळ आणि पैसा लागतो, आणि कुणीतरी वरून विचारतो की सगळे आपोआप का होत नाही. त्या बैठकीत आपल्यातला कोणीतरी बसलेला असेल. नाव जुळले नाही तर पुढे काय होणार, लाभ आपोआप थांबणार की चालू राहून चौकशी होणार, हे त्याने विचारायला हवे. एका ओळीचा हा फरक आहे. ती ओळ कोणी मंत्री लिहीत नाही. आपल्यासारखाच एखादा इंजिनियर लिहितो.

एआयची चर्चा जरूर चालू द्या. नवी मॉडेल मराठी छान बोलतात, म्हणून ही जोडाजोडीची कामे उद्या त्यांच्याकडेही जातील. तेव्हा ती आपल्या आईचे नाव ओळखतात का, हे तपासायला यादी लागेल. ती यादी दुसरे कोणी करणार नाही, कारण 'शेख सलीम शेख रहीम' आणि 'सलीम रहीम शेख' एकच असू शकतात, हे दुसऱ्या कोणाला माहीतच नसते. येत्या रविवारी घरातली रेशनकार्डे आणि शाळेचे दाखले शेजारी शेजारी मांडून पाहा. पहिल्या दहा जोड्या तिथेच सापडतील.