दुर्बीण ठीक, पण आत काय करणार?

कंबरेच्या मणक्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन ठरलेले रुग्ण मला आधी टाके किती कमी पडणार, ते सांगतात. ‘मॅडम, दुर्बिणीचंच आहे, दुसऱ्या दिवशी चालवणार आहेत.’ मी मिरजेत फिजिओथेरपी करते. आत नेमकं काय करणार, असं विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही.

पहिल्या वेळी बऱ्याचदा चौथा-पाचवा मणका स्क्रू-रॉडने जोडलेला असतो. तिथली हालचाल थांबली की वाकण्याउठण्याचा ताण शेजारच्या, बहुतेकदा वरच्या गादीवर जातो. ती वयानेही झिजतेच. अमेरिकेत २१५ रुग्णांच्या २००४ सालच्या अभ्यासात, दहा वर्षांत शेजारच्या मणक्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागण्याचा अंदाज ३६ टक्के निघाला. नंतरच्या काही अभ्यासांत तो कमी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही.

अशा वेळी दुर्बिणीने, दोनेक सेंटिमीटरच्या नळीतून काम करण्याचा फायदा खरा आहे. स्नायू फारसे सोलावे लागत नाहीत, रक्त कमी जातं. जुन्या जखमेचा व्रण नसांच्या आवरणाला चिकटलेला असतो, तिथे आवरण फाटण्याची भीती. नळी बाजूने नेली तर तो भाग बराचसा टाळता येतो.

पण त्याच छोट्या छेदातून दोन अगदी वेगळी ऑपरेशनं होतात. एकात दबलेली नस मोकळी करतात, एवढंच. दुसऱ्यात वरचा मणकाही जोडतात, म्हणजे ताण आणखी एक मजला वर. मणका सरकत असेल तर जोडावाच लागतो. तो सरकतो का, हे झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये निसटू शकतं. उभं राहून, पुढे-मागे वाकून काढलेला साधा एक्स-रे बघावा लागतो. तो काढलाय का, हे प्रत्येकाने विचारलंच पाहिजे. नस मोकळी करून भागणार असेल, तर जोडणीची घाई मला पटत नाही.

आणखी एक. जुना रॉड वाढवायचा किंवा काढायचा, तर स्क्रू कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे, हे सर्जनला आधी कळायला हवं. प्रत्येक कंपनीची अवजारं वेगळी. रुग्णाच्या पिशवीत मात्र डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर नुसतं ‘फिक्सेशन केले’. स्क्रूच्या खोक्यावरची स्टिकरं आणि ऑपरेशनची सविस्तर नोंद प्रत्येक रुग्णालयाने न मागता हातात दिली पाहिजे.